शब्दाबाहेर

मिल्वॉकीत, ग्रँड अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर, चांभाराच्या दुकानातून बाहेर पडताना, ऑगस्ट लिंडेमान काहीतरी पुटपुटला. शनिवारच्या अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यातला एक डाव त्याच्या डोक्यात घोळत होता. समोरच्यांची फळी डावीकडे किंचित सरकली की मधे जी फट पडते, तिच्यात चेंडू छातीशी धरलेल्या पोराने नेमकं कधी घुसायचं, एवढाच प्रश्न होता. ती फट त्याला एकदम डोळ्यांसमोर दिसली आणि त्याच्या तोंडून निघालं, "जा." शेजारी त्याच्या संघातला लिओ बाम्बेनेक उभा होता, काखेत तळाला नवे चामड्याचे खुंट ठोकलेल्या बुटांचं गाठोडं घेऊन. लिओ गेला. पायरी उतरावी तसा फुटपाथवरून उतरला आणि सरळ रुळांवर चालत गेला. डावीकडून ट्राम येत होती. तिची घंटा वाजली तेव्हा लिंडेमान पुढे झेपावला होता, आणि त्या झेपेत पोराच्या कोटाची मागची शिवण त्याच्या मुठीत उसवली. ट्राम इतक्या जवळून गेली की तिच्या वाऱ्याने दोघांच्या टोप्या हलल्या. गाडी हाकणाऱ्याने मूठ दाखवून जर्मनमधून एक शिवी घातली. ती लिंडेमानच्या बापाच्या तोंडात नेहमी असायची.

"तुला दिसली नाही गाडी?"

"दिसली," लिओ म्हणाला.

"मग?"

"तुम्ही जा म्हणालात, कोच."

त्यात तक्रार नव्हती, गंमतही नव्हती. कुणी रस्ता विचारावा आणि आपण तो सांगावा, तसा तो बोलला. मग खाली पडलेला एक बूट उचलून त्याने बाहीने पुसला, गाठोड्यात नीट खोचला, आणि पुढचं काही सांगतील म्हणून लिंडेमानच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. डोळे निळे, स्वच्छ, भीतीचा लवलेश नाही. "चल," म्हणायला लिंडेमानने तोंड उघडलं आणि मिटलं. मग नुसताच चालू लागला. लिओ मागोमाग आला.

घरी त्याच्या बायकोने, हेडीने, काळजाचे गोळे घालून सूप केलं होतं. तिला हे सांगावं असं त्याला दोनदा वाटलं आणि दोन्ही वेळा त्याने पाव मोडून सुपात बुडवला. सांगितलं असतं तर ती एक गोष्ट झाली असती, आणि गोष्टी सांगण्यात लिंडेमानचा हात कोणी धरत नसे. तो ज्या ग्रीनलीफ कॉलेजचा कोच होता, तिथल्या मेजवान्यांत जेवणं उरकली, चिरूट पेटले, की माजी विद्यार्थी खुर्च्या मागे सरकवून ऑगस्टला लाडाने म्हणत, गस, ती हाडाची सांग. त्याच्या पोतडीत ही आणखी एक पडली असती: आमची पोरं बघा, कशी शब्दाबाहेर नाहीत ती, मी डावाचा विचार करत होतो आणि हा गडी निघाला की ट्रामखाली! सगळे हसले असते. त्यानेही हसवत हसवतच सांगितली असती. त्याने चमचा वाडग्यात ठेवून दिला. हेडी म्हणाली, "मीठ जास्त झालंय का?" तो म्हणाला, नाही, ठीक आहे. वीस वर्षांच्या संसारात मीठ जास्त झालेलं त्याला कधी कळलं नव्हतं, त्यामुळे तिने ते उत्तर खरं धरलं नाही.

हाडाची गोष्ट अशी होती. ऑगस्ट सतरा वर्षांचा होता आणि खोऱ्यातल्या कातडी कमावण्याच्या कारखान्यात बापाबरोबर कामाला जायचा. चुन्याच्या पाण्यातून काढलेली बैलाची ओली कातडी खांद्यावर टाकून तो जिना चढत असताना थॅचर नावाच्या माणसाने त्याला पाहिलं. थॅचर एका मोठ्या कॉलेजचा कोच. मालकाचा जावई की भाचा, असा कोणीतरी होता, कारखाना बघायला आला होता. त्याने विचारलं, हे ओझं केवढं? ऑगस्टने सांगितलं, माहीत नाही, उचलायला सांगितलं म्हणून उचललं. त्या उत्तरावर थॅचर खूश झाला होता. नंतर पुष्कळदा तो ते उत्तर लोकांना सांगायचा. दोन महिन्यांत ऑगस्ट कॉलेजात होता, लॅटिनच्या वर्गात मागच्या बाकावर झोपत होता, आणि दुपारी मैदानावर डोकं खाली घालून माणसांत घुसत होता. त्या दिवसांत डोक्याला काही घालत नसत. केस वाढवायचे, तेवढीच गादी. विजारीच्या पट्ट्याला कातडी मुठी शिवलेल्या असत, पडलेल्याला गडी त्या धरून ओढत पुढे नेत. सगळे एकमेकांना खेटून पाचर करायचे आणि पाचरीच्या पोटात ऑगस्ट, चेंडू घेऊन. पाचर समोरच्यांत घुसायची, काय फुटेल ते फुटेल. एका नोव्हेंबरात, बर्फ पडत असताना, त्याच्या गळ्याखालचं हाड फुटलं. तो पाठीवर पडला होता. थॅचर गुडघे टेकून त्याच्यावर वाकला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "ऑगस्ट, तुला काही झालेलं नाही." ऑगस्ट उठला, पुढच्या डावात चेंडू घेतला आणि तीन माणसांना अंगावर घेऊन रेषेपलीकडे पडला. सामना जिंकला. मेजवानीत इथे टाळ्या पडत. मग तो शर्टाचं बटण काढून ते उंचवट्यासारखं वाकडं जुळलेलं हाड दाखवायचा, आणि लोक बोट लावून बघायचे.

आता अंथरुणात पडल्यापडल्या त्याला जे आठवलं ते त्याने कधीच सांगितलं नव्हतं. सांगायचं टाळलं होतं असंही नाही. ते त्याच्यापाशी नव्हतंच. बर्फात पडलेला असताना हाड मोडल्याचं त्याला कळलं होतं. पक्कं कळलं होतं. आत एक टोक दुसऱ्या टोकाला घासत होतं. आणि थॅचर बोलला तसं ते कळणं थांबलं. दुखणं सोसलं असं काही नव्हतं. सोसायला कोणीतरी लागतं, आणि तो कोणीतरी त्या क्षणी तिथून उठून गेला होता. मागे एक मोठं, ताकदवान, अत्यंत सुखी अंग उरलं होतं. त्या सुखाची चव त्याला या वयात, हेडीच्या शेजारी, जिभेवर जशीच्या तशी आली, आणि त्याने डोळे घट्ट मिटून घेतले.

थॅचर त्याला नंतर एकदाच भेटला, चार वर्षांपूर्वी, शिकागोच्या एका हॉटेलात, कोचांच्या बैठकीला. म्हातारा झाला होता, चेहरा लाल, हात कापत होते. लिंडेमान आपण होऊन पुढे गेला, नाव सांगितलं. थॅचरने डोळे बारीक केले. कुठल्या जागी खेळायचास? लिंडेमानने सांगितलं. कुठल्या साली? तेही सांगितलं. थॅचर म्हणाला, असं का, बरीच पोरं होती, आणि मग इकडेतिकडे बघत म्हणाला, "माझी टोपी तिकडे राहिली वाटतं. आण बघू." तेव्हा लिंडेमान छत्तिशीचा होता, वर्तमानपत्रांत त्याचे फोटो येत होते, चार पोरगेसे कोच त्याच्याशी बोलायला मिळेल म्हणून मागे ताटकळत होते. तो टोपी आणायला धावला. चालत गेला नाही. त्या जाड गालिच्यावरून, खुर्च्यांमधून वाट काढत, धावला. हीही गोष्ट तो सांगायचा, हसवायला. आता तिच्यात हसण्यासारखं कुठे आहे ते त्याला सापडेना.

दुसऱ्या दिवशी सरावाला शहराच्या कडेच्या सरोवरावरून वारा येत होता, ओला आणि बोचरा. लिंडेमान पोरांकडे पाहू लागला, आणि पाहता पाहता त्याच्या लक्षात आलं की ही पोरं कधीच एकमेकांकडे बघत नाहीत. चेंडू पडला, कोणाला लागलं, कोणी चुकलं, की अकराच्या अकरा तोंडं त्याच्याकडे वळत, वारा फिरला की गवत वळावं तशी. हे त्याने वर्षानुवर्षं घासून घासून घडवलं होतं आणि याचा त्याला अभिमान होता. "तयार," तो म्हणाला. पोरं ओणवी झाली, बोटं चिखलात टेकली. पुढचा शब्द त्याच्या ओठांवर होता. तो उच्चारण्याऐवजी तो वळला आणि सामानाच्या खोपटात गेला, जणू काही घ्यायचं होतं. आत अंधार होता, ओल्या कातड्याचा वास होता. तो एका पेटीवर बसला. किती वेळ बसला ते त्याला नंतर सांगता येईना. पाऊस लागला, गारांवर आला आणि पत्र्यावर ताशा वाजू लागला, एवढं आठवत होतं. मी विसरलो असं म्हणता येईल, त्याच्या मनात आलं. आता कोणीतरी उठेल. कोणीतरी म्हणेल, म्हातारा कुठे तडमडला. एखादा हसेल तरी. तो कान देऊन बसला. काहीच ऐकू आलं नाही. बाहेर आला तेव्हा पोरं तशीच ओणवी होती. पाठींवर गारा साचल्या होत्या, बोटं निळी पडली होती, लिओच्या नाकातून पाणी थेंबथेंब जमिनीवर पडत होतं, आणि कुणाच्याही चेहऱ्यावर प्रश्न नव्हता. लिंडेमानच्या अंगावर काटा आला. पण त्या काट्याखालून, पोटातून, दुसरं काहीतरी ऊबदार वर आलं, आणि ते काय आहे हे त्याला ताबडतोब कळलं. त्याला बरं वाटलं होतं. त्याने घाईघाईने सगळ्यांना घरी पाठवलं.

त्याच सुमाराला लिओची आई पहिल्यांदा आली. बाम्बेनेकबाई जोन्स बेटावरची. तिथे बंदराच्या तोंडाशी वाळूवर खुंट रोवून बांधलेल्या झोपड्यांत कोळी राहत, पोलंडच्या किनाऱ्यावरून आलेले. नवरा सरोवरात गेला होता आणि होडी तेवढी परत आली होती. डोक्याला रुमाल, हातात कागदात बांधलेला धुरी दिलेला मासा; तो तिने हेडीच्या टेबलावर ठेवला आणि उभ्याउभ्याच गाऱ्हाणं मांडलं. पोरगं मासे खात नाही. "म्हणतो, कोचनी सांगितलंय, मांस खा, अंगाला लागतं. मास्तर, मासे खाऊनच तर हा रेडा एवढा झाला! मी कुठून आणू रोज मांस? तुम्ही त्याला सांगा." लिंडेमान हसला, हेडीही हसली. त्याने लिओला सांगितलं, आणि त्या दिवशी लिओने घरी जाऊन मासे खाल्ले. पुढच्या आठवड्यात बाई पुन्हा मासा घेऊन आली, आभार मानायला. जाताना मात्र दारात थबकली आणि म्हणाली की मी त्याची आई, आणि पोटच्या पोराला जेवू घालायला मला मधे माणूस घालावा लागला. ती हसतच बोलली. तिच्यामागे दार लावताना लिंडेमानला त्या माशाचा वास फार वेळ आला.

त्या हंगामात ग्रीनलीफ एकही सामना हरलं नाही. लिओच्या दोन बरगड्यांना तडा गेला आणि त्याने ते कोणाला सांगितलं नाही, कारण कोणी विचारलं नव्हतं. लिंडेमानला ते डिसेंबरात डॉक्टरकडून कळलं.

मग एप्रिल आला आणि अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरली. मिल्वॉकीत ज्यांची आडनावं लिंडेमानसारखी होती ती माणसं रस्त्यात हळू बोलू लागली. खाटकाने दुकानावरची जर्मन पाटी उतरवली. हेडी तिच्या बहिणीशी टेलिफोनवर इंग्रजीत बोलायची, तुटक, परक्या बाईशी बोलावं तशी. लिंडेमान ट्राममध्ये चढला की पूर्वी कोणीतरी ओरडायचं, गस, शनिवारी काय? आता लोक वर्तमानपत्र जरा वर धरत. एका सकाळी प्राचार्य डॉ. प्रेस्कॉट यांनी त्याला बोलावलं. सैन्यातला एक कॅप्टन यायचा होता, पोरांची नावनोंदणी करायला. प्रेस्कॉट खिडकीपाशी उभे होते. त्यांनी आधी पोरांचं, शिस्तीचं, हंगामाचं कौतुक केलं. मग म्हणाले, "तुम्हाला भाषण नको करायला, लिंडेमान. एक शब्द पुरे. तुमच्या शब्दाबाहेर आहे कोण?" आणि तो दारापर्यंत गेल्यावर, मागून, जवळजवळ मायेने, "तुमचं आडनाव मी विसरलो तरी गाव विसरत नाही, हे लक्षात असू द्या."

बाई त्याच दिवशी दुपारी आली. या वेळी मासा नव्हता. कॅप्टन येणार हे बंदरात तिला कळलं होतं, सगळ्यांनाच कळलं होतं. ती बसली नाही. "तुम्ही सांगितलंत आणि त्याने मासे खाल्ले," ती म्हणाली. "आता सांगा, जाऊ नको. एक पाण्यात गेला, मास्तर. दुसरा मी देत नाही." लिंडेमानने तिला काही वचन दिलं नाही. ती गेल्यावर तो टोपी घालून बाहेर पडला आणि लिओ त्याला जिथे सापडणार हे ठाऊक होतं तिथेच सापडला, मैदानावर, एकटाच, पोत्यात भुसा भरून टांगलेल्या पुतळ्याला खांद्याने धडका देत. "लिओ," तो म्हणाला, "कॅप्टन येईल. तू जायचं नाहीस." लिओने घाम पुसला. "बरं," तो म्हणाला. का, असं त्याने विचारलं नाही. लिंडेमान कारणं जुळवून आला होता: आई एकटी आहे, वय बसत नाही, पुढे बघू. ती सगळी त्याच्या तोंडात तशीच राहिली, न चावलेल्या घासासारखी.

सभा व्यायामशाळेत झाली. कॅप्टन ठेंगणा, देखणा होता, आणि छान बोलला. मग प्रेस्कॉटनी लिंडेमानकडे हात केला. पोरं पुढच्या बाकांवर होती, अंघोळी करून, केस चापून. लिंडेमान उभा राहिला. ठरवून आला होता तेच बोलला: मला काही सांगायचं नाही, ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावं, घरी विचारावं, आणि आपलं आपण ठरवावं. तो थांबला. कोणी हललं नाही. त्याच्या लक्षात आलं की ती वाट बघतायत. हे त्यांना बोलणं वाटलंच नव्हतं. हा डावाच्या आधीचा श्वास होता, खरा शब्द यायचा होता. एवढी स्वच्छ, एवढी विश्वासाने भरलेली तोंडं त्याच्यासमोर होती आणि त्यांच्या मागे काहीच नव्हतं, नुसती मोकळी खोली, वर्षानुवर्षं त्याने स्वतःच्या हाताने सामान काढून मोकळी केलेली. संघाचा कप्तान ह्यू केर्नी हळूच उभा राहिला. नीट, आदबीने विचारलं त्याने.

"कोच, तुम्ही आमच्या जागी असतात तर?"

प्रेस्कॉट बघत होते. कॅप्टन बघत होता. मागच्या रांगेतून कोणीतरी, कदाचित त्याला तसं वाटलं, लिंडेमान हे नाव कुजबुजलं. "मी गेलो असतो," तो म्हणाला. ते खोटं नव्हतं. सतराव्या वर्षी तो कुठेही गेला असता, कोणी म्हटलं की. पण हे उत्तर त्या सतरा वर्षांच्या पोराने दिलं की प्रेस्कॉटच्या दारात मागून ऐकलेल्या त्या मऊ वाक्याला घाबरलेल्या चाळिशीच्या माणसाने दिलं, हे त्याला तेव्हा कळलं नाही आणि नंतर, कितीही खणलं तरी, कळलं नाही. बाकांचा एकच आवाज झाला. पोरं उठली, टेबलाकडे गेली, रांगेत उभी राहिली. लिओ बसून राहिला, हात मांडीवर, पाठ ताठ. त्याच्या दोन्ही बाजूंची जागा रिकामी झाली. जाताना त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही. त्यानेही कोणाकडे पाहिलं नाही. तो लिंडेमानकडे पाहत होता, आपलं बरोबर चाललंय ना, एवढ्यापुरतं.

उन्हाळ्यात पोरं दक्षिणेकडच्या छावणीत गेली. सप्टेंबरात कळलं की केर्नी तापाने गेला. बंदूक हातात यायच्या आधीच, तंबूत. लिंडेमान त्याच्या बापाला भेटायला गेला. बापाने त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, तो नेहमी म्हणायचा, कोच गेले असते. लिंडेमान घरी आला आणि बराच वेळ हात धूत राहिला. हेडीने विचारलं, काय लागलंय? तो म्हणाला, काही नाही.

त्या वर्षी ग्रीनलीफने संघ उतरवला नाही. मैदानावर गवत वाढलं. लिओ मात्र रोज येत राहिला. जोन्स बेटावर त्याच्या घराच्या दारावर कोणीतरी पिवळा रंग ओतला होता, भेकडाच्या दारावर ओततात तसा, होडीवरही. कोळ्यांची पोरं त्याला जाळ्यावर घेत नव्हती. यातलं तो काही सांगत नसे, बाईकडून हेडीला कळलं होतं. तो दुपारी यायचा, लिंडेमानसमोर उभा राहायचा. लिंडेमान म्हणायचा, बाकांना रंग दे. बाक रंगले. कुंपण नीट कर. कुंपण झालं. पुतळ्यात नवा भुसा भर. भरला. मग कामं संपली, आणि तो तरीही यायचा. लिंडेमान दूरवरून त्याला येताना पाहायचा, तो मोठा, डुलत चालणारा, सरळ येणारा पोरगा. कधीकधी लिंडेमान खोपटाच्या मागे जाऊन उभा राहायचा. लपायचा. चाळिशी ओलांडलेला माणूस, पत्र्याला पाठ लावून, एका पोराने आपल्याला शोधू नये म्हणून. लिओ हाक मारत नसे. वाट बघत उभा राही, ऊन उतरेपर्यंत.

ऑक्टोबरच्या एका दुपारी तो घरीच आला. कॉलर नीट लावलेली, टोपी हातात.

"मी काय करू, कोच?"

"तुला काय करावंसं वाटतं?" लिंडेमानने विचारलं. आयुष्यात कोणाही खेळाडूला त्याने हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला होता.

लिओने विचार केला. खरोखर केला, कपाळावर आठ्या आल्या, ओठ हलले, वर्गात न आलेलं गणित सोडवावं तसं त्याने सगळं अंग लावलं. मग त्याने मान हलवली आणि लिंडेमानच्या तोंडाकडे पाहिलं. लिंडेमानला घाम फुटला. सैन्यात जा म्हटलं तर हा आत्ताच्या आत्ता जाईल. सरोवरात जा म्हटलं तरी जाईल; टोपी कुठे ठेवू एवढंच विचारेल. काय म्हणशील ते, आणि ते कायमचं. त्याला या पोराचा राग आला, असा की त्याला धरून गदागदा हलवावं. "मी काही सांगणार नाही," तो म्हणाला. "आजही नाही, उद्याही नाही. तुझं तू बघ." आणि त्याने दार लावलं. आतून तो पडद्याआडून बघत राहिला. लिओ फुटपाथवर उभा होता. वारा पानं उडवत होता, ती त्याच्या बुटांशी साचत होती. हेडी मागे येऊन म्हणाली, अरे, त्याला आत तरी घे, नाहीतर घरी जा म्हणून तरी सांग. लिंडेमानने मान हलवली. घरी जा हाही एक शब्दच होता. दिवस कलायला लागला तेव्हा लिओने टोपी डोक्यावर घातली, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि चालू लागला. कोपऱ्यावर तो थांबला. मग डावीकडे वळला. त्याचं घर उजवीकडे होतं.

रविवारी सकाळी, हेडी कॉफी गाळत असताना, बाम्बेनेकबाई आली. रुमाल सुटला होता, हातात कागदाचं पुडकं होतं. सवयीने आणलं असावं, टेबलावर तिने ते ठेवलं तेव्हा तिचं तिकडे लक्ष नव्हतं. लिओ चार रात्री घरी नव्हता. स्टेशनावर एका शेजाऱ्याने त्याला पाहिलं होतं, उत्तरेकडे जंगलात लाकूडतोडीला माणसं घेऊन जाणाऱ्या गाडीत चढताना, हातात एक पिशवी. शेजाऱ्याने हाक मारली तर त्याने हात हलवला होता, आणि, शेजारी म्हणाला, हसला होता.

"कुठे पाठवलंत त्याला?" बाई म्हणाली.

लिंडेमान म्हणाला की आपण पाठवलं नाही. तिने ते ऐकलंच नाही. पाण्याचा पेला उचलायचा तरी तो तुमच्या परवानगीने उचलायचा, ती म्हणाली, तो आपला आपण कुठे जाणार? लाकडं तोडायला तुम्हीच म्हणाला असाल, अंगाला बरं, म्हणून. असू दे. मी भांडायला आले नाही. तुम्ही बोलवा, म्हणजे येईल. तिचा आवाज शांत होता. नदीच्या पल्याड असलेल्या नावाड्याला साद घालायला सांगावं, तितकं ते तिला सोपं वाटत होतं.

लिंडेमान खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. आता सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. एकजण तरी गेला. आपल्या पायांनी, कोणाच्याही तोंडाकडे न बघता, हसत. त्या हसण्याचं त्याला बरं वाटायला हवं होतं आणि तो ते बरं वाटणं आत शोधत राहिला, खोलवर, आणि त्याऐवजी हाताला काहीतरी वेगळंच लागलं, गरम, ओंगळ, आणि ते घशातून वर येऊन तोंडातून बाहेर पडेपर्यंत त्याला थोपवता आलं नाही.

"मला न विचारता?" तो म्हणाला. "मला एका शब्दाने न विचारता गेला तो?"

हेडीचा हात गाळणीवर थांबला. बाम्बेनेकबाईने त्याच्याकडे पाहिलं. कोळी लोक होडी लोटायच्या आधी पाण्याच्या रंगाकडे बघतात तसं, घाई न करता, नीट पाहिलं. ती जे शोधत होती ते तिला दिसलं असावं. तिने रुमालाची गाठ हनुवटीखाली घट्ट मारली, टेबलावरचा मासा उचलून पदराखाली घ्यावा तसा शालीखाली घेतला, आणि जिना उतरू लागली. लिंडेमान तिच्यामागे दारापर्यंत आला.

"थांबा," तो म्हणाला.

ती उतरत राहिली. खालचं दार उघडल्याचा आवाज आला, मग लागल्याचा.